गाडीखालचं ओलं

बाईंची गाडी बंद पडते हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसलो होतो. हे आधीच सांगून मोकळा होतो, नाहीतर पुढे सांगताना जीभ अडेल.

मी क्रिस्पिन ओवेलार. आरेग्वात स्टेशनाकडून तळ्याकडे उतरायला लागलं की डाव्या हाताला, आंब्याखाली माझं गॅरेज. पाटी नाही. पाटी नवशिक्याला लागते. राजधानीच्या, असुन्सिओनच्या मोठमोठ्या मेकॅनिकांनी हात टेकले की गाड्या माझ्याकडे येतात. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. म्हणजे, सांगतो फुशारकी म्हणूनच, पण आहे ते खरं आहे.

दोमितिलाबाई माझ्या तिसरीच्या बाई. अर्ध्या आरेग्वाला त्यांनी लिहायला शिकवलं आणि उरलेल्या अर्ध्याला गप्प बसायला. वय चौऱ्याहत्तर. नवरा देलफिन दीड वर्षापूर्वी गेला, तेव्हापासून घरात एकट्या. मुलगा रुबेन असुन्सिओनला पाचव्या मजल्यावर राहतो. दर रविवारी येतो आणि दर रविवारी म्हणतो, "आई, आता चल माझ्याकडे." बाई विचारतात, "पाचव्या मजल्यावर आंबे लागतात का रे?" की तो गप्प. या जानेवारीत, आमच्या भर उन्हाळ्यात, मात्र तो गप्प बसला नाही, आणि त्याला कारण ही गाडी. गाडीपेक्षाही जास्त कारण मी.

गाडी जपानी, बाईंकडे येऊनच बावीस वर्षं झालेली. आमच्याकडच्या निम्म्या गाड्या अशाच: जपानात जन्मतात, तेव्हा स्टीअरिंग उजवीकडे असतं. म्हाताऱ्या झाल्या की जहाजातून चिलीच्या बंदरात येतात, तिथे कोणीतरी त्यांचं पोट फाडून स्टीअरिंग डावीकडे बसवतो, आणि मग डोंगर ओलांडून त्या आमच्या गळ्यात पडतात. आम्ही त्यांना चिलीवाल्या म्हणतो. बाईंची चिलीवाली सुरू केली की आतून एक जपानी बाई बोलते. गोड, हळू आवाजात एकच वाक्य. काय म्हणते ते बावीस वर्षांत कोणाला कळलेलं नाही. बाई तिला उत्तर देतात, "हो बाई, कळलं," आणि मग गिअर टाकतात.

देलफिन होता तोवर गाडीतला एसी मेलेला होता. मेलेलाच बरा असं त्याचं मत. नोव्हेंबरात बाई आल्या आणि म्हणाल्या, "क्रिस्पिन, यात थंडी भर." मी गॅस भरला, पट्टा बदलला. जाळीपुढे हात धरून बघितलं. तळहाताला हिव भरलं. झालं काम.

तीन आठवड्यांनी बाई पुन्हा दारात.

"गाडी बंद पडते."

"कधी?"

"दुपारी. सगळे झोपलेले असतात तेव्हा. आधी थंडी जाते. मग टक् असा आवाज होतो. मग गाडी जाते. अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते आणि ती जपानीण माफी मागते."

"माफी मागते हे तुम्हाला कसं कळलं?"

"आवाजावरून. चाळीस वर्षं मी माफ्या ऐकल्या आहेत, बहुतेक तुझ्याच."

मी हसलो तो इथे.

"आणि तू गॅस भरलास तेव्हापासून हे सुरू झालंय," बाई म्हणाल्या. इथे माझं हसू गेलं. माझ्या कामावर बोट ठेवलेलं मला खपत नाही, मग ते तिसरीच्या बाईंचं का असेना.

"बाई, एसीचा आणि इंजिनाचा काय संबंध? पोट दुखलं तर दोष टोपीला?"

"उजवीकडे पायाखालच्या गालिच्याला तळ्यासारखा वास येतो."

"देलफिन मासे आणायचा गाडीतून."

"आणि तुझा कुत्रा माझ्या गाडीखाली जात नाही."

हे मात्र खरं होतं. माझा मांदियो दिवसभर आंब्याखाली उभ्या असलेल्या गाड्यांखाली लोळतो. आता त्याला दुसरं काय काम? मी म्हटलं, "त्याला तुमची भीती वाटते. सगळ्या गावाला वाटते." बाईंनी माझ्याकडे बघितलं. तिसरीत बघायच्या तसंच. मग किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि चालत घरी गेल्या.

मी काही हयगय केली नाही, हे कोणीही सांगेल. हवेचं तोंड घासूनपुसून लख्ख केलं. पेट्रोलचा फिल्टर बदलला. इंजिन मंद चालताना सांभाळणारी झडप काढून धुतली. प्लग पाहिले. मग गाडी घेऊन तळ्यापर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. सकाळची वेळ, खिडक्या उघड्या, एसी बंद. गाडी चालली ती लोण्यात सुरी फिरावी तशी.

एसी बंद का, असं विचाराल. विचाराल तर तुम्ही आमच्यातले नाही. तापल्या इंजिनात दोन तास हात घातलेला माणूस अंगावर गार वारा घेतो का? माझा मामा भट्टीवरून मडकी उतरवून पंख्याखाली बसला आणि तोंड वाकडं झालं त्याचं. मरेपर्यंत एका गालाने हसायचा. गार वाऱ्याने असं तोंड वाकडं होण्याला आम्ही पास्मो म्हणतो. आमच्या गावात भट्टीचं काम करणारा, इस्त्री करणारी, इंजिनात हात घालणारा, कोणी गार वाऱ्याच्या वाटेला जात नाही. बर्फ घातलेलं तेरेरे, म्हणजे पाल्याचा गार चहा, मात्र आम्ही दिवसभर नळीने ओढतो. आतून गार चालतं, बाहेरून नाही. म्हणून आमच्याकडचा मेकॅनिक एसी तपासतो तो असा: जाळीपुढे हात, हाताला हिव, बटण बंद.

"गाडी ठीक आहे," मी बाईंना सांगितलं.

डिसेंबरात त्या पुन्हा आल्या. मी पुन्हा सगळं उघडलं, पुन्हा लावलं, पुन्हा सकाळी फिरवून आणली. पुन्हा ठीक.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गाडी मोठ्या रस्त्यावर बंद पडली. मागून वाळूचा ट्रक. ट्रकवाला भला, त्याने स्वतःचा ट्रक बाजूच्या खड्ड्यात घातला म्हणून बाई वाचल्या. खाली उतरून तो बघतो तर म्हातारी स्टीअरिंग धरून बसलेली आणि गाडीशी बोलतेय. त्याने ते गावभर केलं आणि गावाने रुबेनपर्यंत पोचवलं.

रुबेनचा फोन आला. "क्रिस्पिनकाका, खरं सांगा. गाडीत काही दोष आहे?"

दोनदा उघडलेली गाडी. माझा शब्द म्हणजे शब्द. "गाडीला काही झालेलं नाही," मी म्हणालो.

"म्हणजे आईलाच," तो म्हणाला.

"मी काय डॉक्टर आहे का?" मी म्हणालो. पण नाही म्हणालो नाही. तेवढा एक शब्द म्हणायला हवा होता, तो म्हटला नाही.

"ती त्या मशीनशी बोलते, काका. दुपारी एकटीच भटकते. मी येत्या रविवारी किल्ली घेणार आणि तिला पण घेऊन येणार. घराला गिऱ्हाईक आहे. तुम्ही सांगितलंत ते बरं झालं, मला कोणाचं तरी ऐकायचं होतं."

मी फोन ठेवला. बायको, ओब्दुलिया, कणसं सोलत होती. म्हणाली, "काय म्हणतो?" मी म्हटलं, "आभार मानतो." जेवण गेलं नाही त्या दिवशी.

गुरुवारी दुपारी मी गॅरेजात दोरीने टांगलेल्या झोळीत पडलो होतो. आमच्याकडे दीड ते साडेतीन गाव मरतं. आंबे पडून फुटलेले असतात, त्यांचा आंबूस वास उन्हात तरंगत असतो, झाडावरचे किडे एकच सूर लावून बसतात. लहानपणी आया सांगायच्या, या वेळी बाहेर पडलात तर सोनेरी केसांचा यासी यातेरे धरून नेईल. आम्ही मोठे झालो, पण त्या वेळेला बाहेर पडायची सवय काही लागली नाही. झोळीची दोरी हलली. डोळे उघडले तर समोर बाई, हातात तेरेरेचा थर्मास.

"ऊठ. चल."

"आत्ता? बाई, एक्केचाळीस डिग्री आहे."

"म्हणूनच. दोनदा तू सकाळी गेलास. मला दुपारी डोकं दुखतं म्हणून आले तर तू मला सकाळी तपासणार का? रविवार तीन दिवसांवर आलाय, क्रिस्पिन. रविवारी मला पाचव्या मजल्यावर नेतील. तिथे मी दोन महिन्यांत मरेन आणि मरण्याआधी खरंच वेडी होईन. तर तू आत्ता उठतोस की तुझी दोरी कापू?"

उठलो. काय करतो.

बाईंनी खिडक्या बंद केल्या, एसी पूर्ण सोडला. जपानीण बोलली. "हो बाई, कळलं," बाई म्हणाल्या आणि मी खिडकीबाहेर बघितलं.

त्यांनी ते पाहिलं. "मला काय वाटतं, आत कोणी बसलंय? मशीन आहे ते, मला ठाऊक आहे. पण दिवसभरात माझ्याशी आपणहून बोलणारं दुसरं कोण आहे, सांग. तुम्ही सगळे तर गाडीला काही झालं नाही एवढंच सांगता."

मला वाईट वाटलं. पण तोंडाने मी म्हणालो, "मला पास्मो झाला तर औषधपाणी तुमच्याकडे."

निघालो. स्टेशनाजवळून, मडक्यांच्या दुकानांसमोरून. दुकानं बंद, मडकी बाहेर. कोण चोरणार दुपारची? मातीचे कोंबडे, मातीची डुकरं, मातीचे सूर्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी आमच्याकडे बघत होते. चिटपाखरू नाही. खिडकीबाहेर हवा थरथरत होती आणि आत मात्र गार, इतकं गार की बाहेरचं गाव कोणी पाण्याखाली बुडवून ठेवलंय असं वाटावं. बाई हळू चालवत होत्या. चांगली चालवतात, खोटं कशाला बोलू. तळ्याकाठी आलो. पाणी हिरवं, हलत नव्हतं. "इथे मी आणि देलफिन येऊन बसायचो," बाई म्हणाल्या. "घरात झोप येत नाही. इथे गाडी उभी केली की थोडा डोळा लागतो." तेरेरेचा प्याला त्यांनी भरून दिला, मी ओढला, परत दिला. दुसरा आला, तिसरा आला. माझे डोळे मिटायला लागले.

स्वप्न की आठवण कोण जाणे, पण मी चिलीत होतो, इकिकेच्या बंदरात. तिशीचा. बंदराच्या वर, डोंगरमाथ्यावरच्या वाळवंटात आमची शेड. खाली समुद्र, वर वाळू, मधे गाड्या. रांगाच्या रांगा, सगळ्यांची स्टीअरिंगं उजवीकडे, सगळ्या जपानीत बोलणाऱ्या. सकाळी गाड्या सुरू केल्या की शंभर बायका एकदम तेच वाक्य म्हणायच्या. आम्ही आठ जण. दिवसाला एक गाडी, शनिवारी दोन. समोरचा सगळा फळा, म्हणजे डॅशबोर्ड, सोडवायचा, स्टीअरिंग डावीकडे, पेडल डावीकडे, एसीचा डबा डावीकडून उजवीकडे, त्याच्यासोबत गाडीचा मेंदू, म्हणजे इंजिन चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा, तोही उजवीकडे. आरशात बघून दाढी करावी तसं काम. दोन वर्षांत मी तिथे पाऊस पाहिला नाही. हवा इतकी कोरडी की धुतलेला शर्ट पिळता पिळता वाळायचा. मी हसत होतो, पीचचा डबा उघडून खात होतो, आणि कुठूनतरी, त्या कोरड्या वाळवंटात, पाण्याचा आवाज येत होता.

"थंडी गेली," बाई म्हणाल्या.

मी डोळे उघडले. आम्ही परतीच्या चढावर होतो, रुळांच्या अलीकडे. जाळीतून कोमट वारा. टक्. आणि गाडी गेली. आचका नाही, धूर नाही, झोप लागावी तशी गेली. बाईंनी शांतपणे कडेला घेतली आणि हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या.

इंजिन नाही, पंखा नाही. किडेसुद्धा क्षणभर थांबले असावेत. त्या शांततेत मला ते जागेपणी ऐकू आलं. टप्. माझ्या गुडघ्यांच्या पुढे, फळ्याच्या आत. टप्.

आता थोडं समजावून सांगतो. एसी थंड होतो तेव्हा त्याच्या आतल्या डब्यावर दव धरतं, गार पाण्याच्या ग्लासवर धरतं तसं. त्याचं पाणी होतं. ते पाणी एका नळीतून गाडीखाली रस्त्यावर पडतं. आमच्या दमट दुपारी एसीवाली कोणतीही गाडी दहा मिनिटं उभी राहिली की खाली ओलं होतं. माझा मांदियो दिवसभर ज्यात लोळतो ते हेच. आणि बाईंच्या गाडीखाली तो जात नव्हता, कारण तिथे कधी ओलं झालंच नव्हतं.

मी वाकलो. समोरचा खण काढला, हात आत घातला. सगळं ओलं. गाडीच्या मेंदूची वायर जिथे खोचलेली असते तिथे पाण्याचे थेंब ओळीने बसलेले. वर नळी होती, वाळून कडक झालेली. ती बाहेर गेलीच नव्हती, कारण बाहेर जायला पत्र्याला भोकच पाडलेलं नव्हतं. कोणीतरी नळी गालिच्यामागे कोंबली होती आणि वरून वायरींचा जुडगा बांधून टाकला होता. चढावर गाडी तिरकी झाली की साठलेलं पाणी मेंदूवर ओघळायचं. उन्हात अर्ध्या तासात सुकायचं. बाई जे जे म्हणाल्या होत्या ते अक्षर न् अक्षर खरं होतं.

कोण गाढव आहे हा, असं मी म्हणणार होतो. तोंड उघडलं पण होतं. तेवढ्यात जुडग्याची गाठ दिसली. पिवळी पट्टी, दोन वेढे सुलटे, तिसरा उलटा. त्याच्यामागे जुनं भोक झाकायला लावलेला, डब्यातून कापलेला पत्रा, त्याच्यावर अर्धं पिकलेलं पीच छापलेलं.

ती गाठ माझी आहे. मी डावखुरा, तिसरा वेढा माझा आपोआप उलटा पडतो. माझ्या गॅरेजातली प्रत्येक वायर तशी बांधलेली आहे, माझी झोळी तशी बांधलेली आहे.

"सापडलं?" बाईंनी विचारलं.

"ओल आहे," मी म्हणालो. "शनिवारी करतो." खण परत लावला.

घरी येऊन मी ओब्दुलियाला सगळं सांगितलं. तिने कपाळावर हात मारला. मग बायको ती बायको, म्हणाली, "नळी बदला आणि सांगा की विजेचा रिले गेला होता. बावीस वर्षांपूर्वीचं कोण उकरतंय? गावात तुमचं नाव आहे." मला ते पटलं. पटायला काय जातं? शनिवारी मी पत्र्याला भोक पाडलं, नवी नळी घातली, सगळं सुकवलं. कडक नळी, पीचचा पत्रा आणि कापून काढलेली पिवळी गाठ फेकून द्यायला गेलो आणि सगळं न फेकता खिशात ठेवलं. का ते विचारू नका.

रविवारी बाईंच्या अंगणात आंब्याखाली टेबल. रुबेन आलेला, आतल्या खोलीत दोन बॅगा भरलेल्या. बाईंनी पांढरा सदरा घातला होता, शाळेच्या समारंभाला घालायच्या तो. किल्ली टेबलावर मधोमध.

"गाडी झाली," मी म्हणालो. "रिले गेला होता. बाईंचं बरोबर होतं."

रुबेन माझ्याकडे बघत राहिला. वाईट मुलगा नाही तो. त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, त्या वाळूच्या ट्रकने त्यालाही झोपू दिलं नव्हतं. "काका, दोनदा तुम्ही ठीक म्हणालात. आता रविवारच्या मुहूर्तावर रिले? तुम्ही तिचे विद्यार्थी. ती रडली असेल, तुम्ही विरघळलात. मला कळतं. पण पुढच्या ट्रकचा ड्रायव्हर भला नसला तर?"

"मी रडले नाही," बाई म्हणाल्या.

"आई, प्लीज."

त्याने किल्लीवर हात ठेवला. बाईंनी अडवला नाही. त्यांनी फक्त मान वर करून झाडाकडे बघितलं, एकेका फांदीकडे, मोजून ठेवावं तसं. मी खिशात हात घातला आणि तो पत्रा आणि ती नळी टेबलावर टाकली, पिवळ्या गाठीसकट.

"रिले नव्हता. खोटं बोललो. हे मी केलंय."

"म्हणजे?"

"बावीस वर्षांपूर्वी. इकिकेत. ही गाडी मी उजवीची डावी केली. पाणी जायला भोक पाडायचं असतं, ते पाडलं नाही. घाई होती, शनिवार होता, शनिवारी दोन गाड्या. आणि त्या वाळवंटात पाणी कधी दिसलंच नाही, तर भोक पाडतो कोण? मी या दमट गावात जन्मलेला माणूस, मला कळायला हवं होतं. नळी कोंबली आणि गाठ मारली. ही बघ. आता माझ्या गॅरेजात जा आणि कुठलीही गाठ बघ. तुझ्या आईचं डोकं माझ्यापेक्षा शाबूत आहे. तिने मला सगळं सांगितलं होतं, एकेक खूण. मी हसलो. आणि तुला म्हणालो गाडीला काही झालं नाही. तुझ्या आईला त्या ट्रकपुढे मी घातलं आणि वर वेडी पण मीच ठरवलं."

इतकं एका दमात मी लग्नातही बोललो नव्हतो. रुबेनने गाठ उचलली. मग उठून पडवीत गेला, बाईंच्या झोळीपाशी. ती झोळी मागच्या ईस्टरला मी बांधून दिली होती. दोन्ही गाठी शेजारी धरून त्याने वेढे मोजले. परत आला तेव्हा किल्ली त्याने आईसमोर ठेवली. बाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "बॅगा तू भरल्यास, रिकाम्या पण तूच कर."

मग गाडी सुरू केली, एसी लावून उभी ठेवली. आम्ही तिघं वाकून बघत होतो. पाच मिनिटं काही नाही. मग तांबड्या मातीवर एक थेंब पडला, मग दुसरा. रुबेनने त्याखाली हात धरला आणि तसाच धरून ठेवला.

बाई मात्र माझ्याकडे बघत होत्या. "तुला तिसरीतही डावं-उजवं कळत नव्हतं," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने: "अशा किती गाड्या केल्यास?"

"दोन वर्षं. दिवसाला एक, शनिवारी दोन."

"सगळ्यांत भोक पाडायचं राहिलं?"

मला आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही. मला तेच सलतं.

त्या दिवसापासून दुपारी माझी झोप गेली. दीड वाजला की मी टोपी घालून बाहेर पडतो. स्टेशनाजवळ, चर्चसमोर, तळ्याकाठच्या हॉटेलांपाशी, जिथे जिथे चिलीवाली नुकतीच येऊन उभी राहिलेली दिसेल तिथे गुडघ्यांवर बसतो आणि खाली ओलं आहे का बघतो. नसलं तर बॉनेटला हात लावतो, आत वाकून बघतो, पिवळी पट्टी दिसते का. दोनदा लोकांनी चोर म्हणून हटकलं. फेब्रुवारीत एकदा दवाखान्यासमोर मी गाडीखाली अर्धा शिरलो असताना कोणीतरी ओब्दुलियाला सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं की क्रिस्पिनला ऊन लागलं, दुपारचा जमिनीवर रांगतो आणि गाड्यांना वास घेतो.

ओब्दुलियाने माझे बूट लपवले. तिचा भाऊ आला, असुन्सिओनच्या कुठल्याशा डॉक्टरचं नाव घेऊन. दोघं पडवीत बसून हळू आवाजात बोलत होते आणि मी माझ्याच घरात अनवाणी उभा होतो. मी सांगत होतो की कुठेतरी एक बाई चढावर थांबलीय आणि तिचं कोणी ऐकत नाहीये. मेहुणा मान डोलावत होता. रुबेनच्या फोनवर मी जसा गप्प राहिलो होतो, तसाच तो.

तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. दोमितिलाबाई आत आल्या, पांढऱ्या सदऱ्यात.

"त्याला काही झालेलं नाही," त्या ओब्दुलियाला म्हणाल्या. "मी स्वतः तपासलंय. दुपारी." मग माझ्या पायांकडे बघून, "याचे बूट दे."

बूट आले. बाहेर मांदियो बाईंच्या गाडीखाली ओल्यात पाय पसरून झोपला होता, त्याला उठवावं लागलं. मी आत बसलो. बाईंनी खिडक्या लावल्या, एसी सोडला आणि किल्ली फिरवली. जपानीण बोलली, गोड, हळू, तेच वाक्य.

बाई माझ्याकडे बघत थांबल्या.

"हो बाई, कळलं," मी म्हणालो, आणि त्यांनी गिअर टाकला.